तिसऱ्या महिन्यानंतरचं फाइव्ह एस: छोट्या मशीन शॉपमध्ये सुधारणा टिकवायची कशी

फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा आवरून ती तशीच ठेवण्याची जपानी पद्धत, सुरू करणं सोपं असतं. एका सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून शॉप आवरतात, भंगारवाला दोन टेम्पो भरून नेतो, जमिनीवर पिवळे पट्टे येतात, आधीचे आणि नंतरचे फोटो फळ्यावर लागतात. पहिल्या महिन्यात कुणी पाहुणा आला की मालक त्याला मुद्दाम आतून फिरवून आणतो. तिसऱ्या महिन्यात पट्ट्यांवर पॅलेट उभे असतात. सहाव्या महिन्यात कस्टमर ऑडिटच्या आदल्या रात्री पुन्हा तीच मोहीम निघते. पुढचं सगळं त्या तिसऱ्या महिन्यासाठी आहे. शॉप १० ते ३० मशीनचं, सुपरवायझर एक किंवा दोन, निम्मे लोक कंत्राटी आणि डिस्पॅचची घाई कायमची, असं धरून चाललो आहोत.

फाइव्ह एसमधले पाच जपानी शब्द असे: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. आपल्याकडच्या फळ्यांवर हे साधारण निवड, मांडणी, स्वच्छता, ठरलेली पद्धत आणि शिस्त असं लिहिलेलं असतं. पाचवा टिकत नाही म्हटलं की बोट लगेच माणसांकडे जातं, ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’. ते बहुतेक वेळा खरं नसतं. छोट्या शॉपमध्ये फाइव्ह एस मोडतं ते मुख्यतः दोन कारणांनी. साफसफाईची मिनिटं कुणाच्याच हिशेबात धरलेली नसतात. आणि साफ करताना ऑपरेटरने दाखवलेले बिघाड महिनोन्‌महिने तसेच राहतात.

मिनिटं आधी टार्गेटमधून वजा करा

८ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० काढली की ४३० उरतात. जॉबचा सायकल टाइम, म्हणजे एक नग व्हायला लागणारा वेळ, ४ मिनिटं असेल तर टार्गेट १०७ नग लागतं. शेवटची १० मिनिटं आवरायला द्यायची असतील तर टार्गेट १०५ झालं पाहिजे, आणि प्रॉडक्शनच्या फळ्यावर ते १०५ असंच लिहिलं गेलं पाहिजे. तोंडी ‘दहा मिनिटं काढत जा’ आणि फळ्यावर १०७, असं असेल तर ऑपरेटर १०७ चंच ऐकणार. त्याला विचारणा नगांची होते, झाडूची नाही. पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर, काम चालत असेल तर त्या १० मिनिटांचे पैसे वेगळे द्या, नाहीतर तुम्ही त्याच्या खिशातून साफसफाई करून घेताय.

सायकल चालू असतानाच आवरून घ्यावं, वेगळा वेळ कशाला, असं प्लॅनिंगवाले म्हणतील. मशीनच्या बाहेरचं तसं होतंही: ट्रॉली, टेबल, गेजची (मापं तपासायच्या साधनांची) पेटी. आतलं होत नाही. चकजवळच्या (नग पकडणाऱ्या भागाजवळच्या) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, काढायला दरवाजा उघडा लागतो, आणि तिथे वेळ वाचवायला डोअर इंटरलॉक (दरवाजा उघडा असताना मशीन चालू न देणारा स्विच) बायपास केला गेला की पुढचा प्रश्न बोटांचा असतो.

१० मिनिटांची वाटणीही ठरवून द्या. ३ मिनिटं चिप्स आणि ट्रे, २ मिनिटं टूल आणि गेज जागेवर, ३ मिनिटं मशीन पुसून पाहणं, २ मिनिटं पुढच्या शिफ्टच्या माणसाला उभ्याने दाखवून देणं. यातलं ‘पुसून पाहणं’ हे मूळ काम आहे. हात फिरला की सैल बोल्ट, गळणारा नट, चिरलेला होज हाताला लागतो. एअर गनने चिप्स उडवू देऊ नका. दिसायला झटपट होतं, पण बारीक कीस स्लाइडवेच्या वायपरखाली, स्पिंडलच्या सीलकडे आणि शेजारच्याच्या डोळ्यात जातो. ब्रश, हुक आणि जमल्यास व्हॅक्युम वापरा.

१० मिनिटांत आटपतच नसेल तर माणसाला घाई करू नका. घाण कुठून येते ते शोधा. चिप गार्डला फट आहे, कूलंटचा (कापताना गार ठेवणाऱ्या द्रवाचा) नोझल जॉबऐवजी दरवाज्यावर मारतोय, कन्व्हेयरच्या तोंडाखाली ट्रॉली नीट बसत नाही, यांपैकी काहीतरी असतं. २० मिनिटांची साफसफाई ५ मिनिटांवर आली की ती टिकवायला वेगळं काही करावं लागत नाही.

टॅग बंद होण्याचा वेग

बहुतेक शॉप रेड टॅग, म्हणजे लाल चिठ्ठी, फक्त नको असलेल्या वस्तूंना लावतात. त्यावर वस्तूचं नाव, संख्या, तारीख, का नको आणि कोण ठरवणार एवढं लिहायचं, रेड टॅगच्या जागेत ठेवायचं आणि ३० दिवसांत कुणी मागितली नाही तर भंगारात, विक्रीला किंवा परत स्टोअरला. हे नीट चालतं. अडचण दुसऱ्या प्रकारच्या टॅगची असते: ऑपरेटरने मशीनवर लावलेला, ‘इथून हायड्रॉलिक तेल गळतंय’ म्हणणारा. तो टॅग महिनाभर लटकत राहिला की ऑपरेटर एकच गोष्ट शिकतो, पाहून उपयोग नाही. मग पुसणंही बंद होतं, कारण उद्या पुन्हा तेल येणारच आहे.

म्हणून एक साधा फळा करा. तीन रकाने: ४८ तासांत होणारं, ७ दिवसांत होणारं, खर्च किंवा शटडाउन लागणारं. प्रत्येक टॅगला तारीख आणि एकाच माणसाचं नाव. ‘मेंटेनन्स’ हे नाव नाही. तिसऱ्या रकान्यातल्या कामाला ‘दिवाळीच्या सुट्टीत’ असं उत्तर चालतं, ‘करणार नाही, कारण हे मशीन मार्चमध्ये विकायचं आहे’ हेही चालतं. उत्तरच नसणं चालत नाही.

सुपरवायझरला न विचारता खर्च करायची मुभा द्या. एका वेळेला ५०० रुपयांपर्यंत, महिन्याला एकूण ५,००० अशी काहीतरी मर्यादा, पेटी कॅशमधून. क्लिप, होज क्लॅम्प, बिजागरी, ओ-रिंग, ट्यूबलाइट, ब्रश यासाठी परचेसची सही लागत असेल तर ४८ तासांचा रकाना हा विनोद आहे. आणि मालकाने आठवड्याला एकच आकडा विचारावा: १५ दिवसांहून जुने किती टॅग उघडे, म्हणजे काम न झालेले, आहेत? ऑडिटच्या स्कोअरपेक्षा हा आकडा खरं सांगतो. तो वाढत असेल तर नवी मोहीम, नवं पोस्टर, बक्षीस हे सगळं थांबवून आधी टॅग बंद करा. एका सेलमध्ये (मशीनच्या एका गटात) दहाहून जास्त उघडे झाले तर त्या आठवड्यात नवे मागूच नका. फक्त सुरक्षिततेचा टॅग कधीही घ्या.

एक उदाहरण तपशीलात घेण्यासारखं आहे, कारण ते जवळपास प्रत्येक शॉपमध्ये भेटतं. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे शुक्रवारी सकाळी मशीन उघडलं की कूलंटचा कुबट वास येतो. जिथे सुट्टी दुसऱ्या दिवशी असते तिथे वार बदलतो, वास तोच. स्लाइडवेचं आणि हायड्रॉलिकचं तेल टाकीत उतरतं, पंप बंद असताना ते वर तरंगून थर धरतं, खाली हवा पोचत नाही आणि हवेशिवाय वाढणारे जिवाणू जोर धरतात. शॉपमध्ये यावर फिनेल किंवा सुगंधी काहीतरी टाकलं जातं आणि टाकी धुण्याचा कार्यक्रम दर महिन्याला लागतो. तो कार्यक्रम तिसऱ्यांदा चुकतो आणि मग बंद पडतो. टिकणारा उपाय वेगळा आहे. तेल कुठल्या सीलमधून येतं त्याचा टॅग, टाकीवर बेल्ट किंवा डिस्क स्किमर (तरंगणारं तेल ओढून काढणारं यंत्र), सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तरंगणारं तेल काढणं, आणि रोज सकाळी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे कूलंट किती दाट आहे ते दाखवणाऱ्या साधनावर, रीडिंग. रीडिंगला तुमच्या कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं, तो कॅनवर किंवा डेटा शीटमध्ये मिळतो. सर्वसाधारण मशीनिंगला ५ ते ८ टक्के ठेवतात, तरी पुरवठादाराने दिलेली रेंज वापरा. कमी भरलं तर नुसतं कूलंटचं तेल ओतू नका, वेगळ्या बादलीत पाण्यात ते तेल घालून ढवळून मग टाकीत. उलटं, तेलात पाणी घातलं तर मिश्रण फाटतं. एवढं केलं की टाकी धुण्याचं काम महिन्यावरून बरंच लांब जातं, आणि ऑपरेटरला दिसतं की त्याची तक्रार कुठेतरी पोचली.

नव्या जॉबला जागा नसते

मांडणी केली तेव्हा शॉपमध्ये जे होतं त्याला जागा मिळाली. दोन महिन्यांत नवीन जॉब येतो: दोन फिक्श्चर (मशीनवर नग पकडायची साधनं), एक प्लग गेज (भोकाचं माप तपासायचं), कस्टमरचे निळे बिन. यांची जागा कुणी ठरवलेली नसते म्हणून ते गँगवेत, म्हणजे चालण्याच्या वाटेत, उभे राहतात, आणि एक पॅलेट उभा राहिला की त्याच्या शेजारी दुसरा उभा करायला कुणाला काही वाटत नाही. इलाज अगदी कारकुनी आहे. नव्या जॉबच्या डेव्हलपमेंट शीटमध्ये एक ओळ वाढवा: ‘फिक्श्चर, गेज, कच्चा माल, तयार माल आणि रिकामे बिन कुठे राहणार?’ ही ओळ भरल्याशिवाय पहिला लॉट मशीनवर चढवायचा नाही.

शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक टूलच्या आकाराची खाच असलेला फळा, करताना दोन रंगांचा ईव्हीए फोम घ्या. वरचा काळा, खालचा पिवळा किंवा लाल. टूल उचललं की खालचा रंग दिसतो, म्हणजे पाच पावलांवरूनही काय गायब आहे ते कळतं. प्रत्येकाला नावाचं टोकन द्या. टूल नेलं की तिथे टोकन. टोकन नसलेली रिकामी जागा शिफ्ट संपताना शोधायचीच. बोर्ड भरगच्च करू नका, रोज लागणारी १२ ते १५ टूल पुरेत. आठवड्यातून एकदा लागणारं टूल बोर्डावर असलं की ती जागा रिकामी दिसायची सवय होते आणि मग रोजच्या टूलची रिकामी जागाही डोळ्यात भरत नाही.

चालण्याच्या वाटेच्या पट्ट्याला चिकटपट्टी लावली असेल तर तिसऱ्या महिन्यात ती उखडते. हँड पॅलेटची चाकं आणि कूलंट दोन्ही तिला पुरून उरतात. ज्या मांडणीत बदल होणार आहे तिथेच टेप, बाकी ठिकाणी रंग. रंगाआधी जमीन डिग्रीझरने धुवून, घासून, पूर्ण वाळवा. इपॉक्सी रंगाचे दोन भाग सांगितलेल्या प्रमाणातच मिसळा. २४ तास त्यावर चालायचं नाही, आणि जड ट्रॉली साधारण आठवडाभर नाही. म्हणून हे काम दिवाळीच्या शटडाउनमध्ये ठेवणं बरं. तेलकट जमिनीवर मारलेला महागडा इपॉक्सीही पापुद्र्यासारखा निघतो.

ऑडिट छोटं ठेवा

पन्नास मुद्द्यांची शीट आणि शंभरपैकी गुण, याचं काय होतं ते ठरलेलं आहे. पहिल्यांदा ५२, मग ६८, मग ८५, आणि पुढे कायम ९० च्या वर, मग शॉप कसंही असो. कमी गुण दिले की भांडण, म्हणून कुणी देत नाही. त्यापेक्षा पाच प्रश्न, हो किंवा नाही:

१. वाटेच्या पट्ट्यावर किंवा पट्ट्याच्या आत काही ठेवलंय का?
२. शॅडो बोर्डवर टोकनशिवाय रिकामी जागा आहे का?
३. ओळख सांगणारा टॅग नसलेला एकही नग किंवा बिन आहे का?
४. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज वापरात आहे का?
५. फायर एक्स्टिंग्विशर, इलेक्ट्रिक पॅनेल आणि इमर्जन्सी स्टॉपपुढे अडथळा आहे का?

पाचही उत्तरं ‘नाही’ आली पाहिजेत. एका सेलला चार मिनिटं लागतात. सुपरवायझरने रोज, शेजारच्या सेलच्या ऑपरेटरने आठवड्याला, मालकाने महिन्याला. मालकाची फेरी वार आणि वेळ न सांगता, पण कॅलेंडरमध्ये पक्की. मालक फक्त कस्टमर ऑडिटच्या आधी फिरत असेल तर लोकांना बरोबर कळतं की हे कस्टमरसाठी आहे. फेरीत तीन वस्तू मागायच्या: ‘१७ चा स्पॅनर, या जॉबचं ड्रॉइंग, कालच्या रिजेक्शनचे नग.’ प्रत्येक वस्तू ३० सेकंदांत हातात आली पाहिजे. ही परीक्षा रंगवलेल्या जमिनीला फसत नाही.

व्हॉट्‌सअ‍ॅपवर शिफ्टअखेरचा फोटो मागवत असाल तर जमिनीवर दोन पावलं रंगवा, तिथेच उभं राहून फोटो काढायचा, आणि चौकटीत त्या दिवशीचा प्रॉडक्शन फळा आला पाहिजे. नाहीतर मंगळवारचा फोटो शनिवारपर्यंत पुरतो.

फिरती ढाल किंवा ‘सर्वोत्तम सेल’ याबद्दल आमचं मत फारसं चांगलं नाही. हीट ट्रीटमेंटच्या (नग तापवून कडक करणाऱ्या) सेलला आणि सीएनसीच्या (संगणकाने चालणाऱ्या मशीनच्या) सेलला एकाच पट्टीने मोजलं की पहिला सेल तिसऱ्या महिन्यात नाद सोडून देतो. बक्षीस द्यायचंच असेल तर बंद झालेल्या टॅगला द्या, आणि ज्याने तो लावला आणि ज्याने बंद केला त्या दोघांना एकत्र.

सवय कधी लागते

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे वाक्य बरेच ट्रेनर फेकतात. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१० मध्ये छापलेल्या अभ्यासात ९६ जणांनी रोजची एक साधी गोष्ट निवडली होती, ठरलेल्या वेळी पाणी पिणं, फळ खाणं किंवा थोडं धावणं अशी. ती आपसूक होऊ लागायला लागलेला काळ १८ ते २५४ दिवस निघाला, मधला आकडा ६६ च्या आसपास. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास व्यक्तींचा होता, कारखान्याचा नाही, तरी त्यातून दोन कामाच्या गोष्टी घेता येतात. तिसऱ्या महिन्यापर्यंत बरीच माणसं अजून मुद्दाम आठवूनच करत असतात, म्हणून सुपरवायझरची रोजची फेरी तेव्हा कमी करायची नसते. नेमकी तेव्हाच ती कमी केली जाते. आणि एक शिफ्ट चुकली म्हणून ओरडून उपयोग नाही. लागोपाठ दोन चुकल्या तर मात्र त्याच दिवशी जाऊन कारण विचारा.

सवय खुणेला बांधायची असते. ‘वेळ मिळेल तेव्हा’ ही खूण नाही. शिफ्टच्या भोंग्याआधी १० मिनिटं एक वेगळी छोटी घंटा वाजवा आणि त्या वेळी ऑफिसातल्या माणसांनीही आपलं टेबल आवरावं. मॅनेजरच्या टेबलावर फाइलींचा डोंगर आणि खाली फाइव्ह एसचं पोस्टर, यावर कामगार जे बोलतात ते इथे छापण्यासारखं नाही.

नवीन माणसं

कंत्राटी माणसं काही महिन्यांत बदलतात, म्हणजे सुरुवातीला प्रशिक्षण घेतलेले निम्मे लोक वर्षअखेरीला शॉपमध्ये नसतातच. म्हणून वार्षिक प्रशिक्षणापेक्षा पहिल्या दिवसाची ३० मिनिटं महत्त्वाची. प्रत्येक मशीनला एक पान: सहा फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ, मराठी आणि हिंदी दोन्हींत. चिप ट्रे कुठे रिकामी करायची, कुठला बिन लाल, ब्रश कुठे टांगायचा, टॅग कसा भरायचा. पहिले १० दिवस त्याला जुन्या माणसाबरोबर आवरायला लावा, आणि पहिला टॅग त्याच्या हातून त्याच आठवड्यात लावून घ्या. तो ४८ तासांच्या रकान्यातला निवडा.

महिनाअखेर आणि दसरा

२५ तारखेनंतर डिस्पॅचपुढे काहीच उरत नाही, हे मान्य करून टाका आणि त्या दिवसांसाठी आधीच किमान यादी ठरवा. तीनच गोष्टी: वाट मोकळी, आग आणि पॅनेलपुढची जागा मोकळी, रिजेक्शन लाल बिनमध्ये कुलपात. तिसरी सोडू नका, कारण घाईत रिजेक्ट नग चांगल्या मालात जातो आणि तो कस्टमरकडे सापडतो. बाकी सगळं त्या आठवड्यात माफ. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या कामाच्या दिवशी प्रत्येक सेलला अर्धा तास देऊन पूर्ण यादीवर परत यायचं, आणि हा अर्धा तास प्लॅनिंगमध्ये आधीच टाकलेला हवा. सवलत ठरवून दिली की तिची मुदत संपते. न ठरवता घेतलेली सवलत पुढच्या महिनाअखेरीला जोडली जाते.

खंडेनवमीच्या पूजेसाठी प्रत्येक मशीन जितकं मनापासून घासलं जातं तितकं वर्षात कधीच नाही. ते चकचकीतपण कोजागिरीपर्यंतही पोचत नाही, ही वेगळी गोष्ट. पूजेच्या आधी, हार चढण्यापूर्वी, प्रत्येक मशीनचे त्या रंगवलेल्या पावलांवरून फोटो घ्या आणि पुढच्या वर्षाचं माप म्हणून तेच मशीनवर लावा. त्याच दिवशी पुसताना सापडलेल्या गळतींचे टॅगही लावून घ्या. सगळे हात मशीनवर असतात तो हा एकच दिवस.

मोडलंच तर

पुन्हा पूर्ण शॉप आवरायला काढू नका. एक सेल घ्या, साधारण २०० ते ३०० चौरस फूट, आणि त्यातले सर्वांत जुने पाच टॅग. मेंटेनन्सचा एक माणूस एक पूर्ण दिवस त्याच सेलला द्या. टॅग बंद झाल्यावर मग दोन तास आवराआवर. क्रम उलटा केला तर लोकांना ती जुनीच मोहीम वाटते. त्या सेलने आठ आठवडे पाच प्रश्नांची उत्तरं बहुतेक दिवशी नीट दिली की दुसरा सेल. एका वेळी दोनहून जास्त नाहीत. २० मशीनच्या शॉपला या वेगाने वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि ते लागू द्यावं.

बाहेरून मदत घ्यायची तर केंद्राच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) मंत्रालयाची लीन, म्हणजे कामातला अपव्यय कमी करण्याची, योजना आहे. मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात आलेल्या या योजनेत सल्लागाराच्या खर्चाचा ९० टक्के भाग सरकार देतं. सल्लागाराकडून घोषवाक्यं आणि बॅनर घेऊ नका. टॅगचा फळा तो असतानाच तुमच्या सुपरवायझरच्या हातात चालू झाला पाहिजे, आणि शेवटच्या दोन भेटींत सल्लागाराने फक्त बघायचं, बोलायचं नाही, असं आधीच ठरवून घ्या.

सुपरवायझर नोकरी सोडून जातो तेव्हा हे सगळं त्याच्याबरोबर जातं. त्याच्या नोटिस पिरियडमध्ये त्याने नव्या माणसाबरोबर रोजची चार मिनिटांची फेरी किमान १० दिवस करावी, उघड्या टॅगची यादी सहीने द्यावी, आणि पेटी कॅशची ५०० रुपयांची मुभा नव्या माणसाच्या नावावर पहिल्याच दिवशी लिहून मिळावी. ही मुभा द्यायची बहुतेकदा राहून जाते. मग नवीन सुपरवायझर होज क्लॅम्पसाठी परचेसकडे फेऱ्या मारत बसतो.